रबाळेच्या गाळ्यात आकार घेणारं विमान

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्सहार्बर लोकल सुटते. खाडीचा पूल ओलांडून गाडी दक्षिणेला वळली की उजव्या अंगाला खाडी आणि डाव्या अंगाला पारसिकचा डोंगर. रबाळ्याला उतरून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा, की एमआयडीसी सुरू. फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, मोल्डिंगच्या गाळ्यांच्या रांगेत एका शटरमागे ‘आरव्ही-९ए’ची शेपूट टेबलावर ठेवलेली आहे.

हे अमेरिकेतल्या ऑरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं, सुट्या भागांच्या किटमधून स्वतः जोडायचं विमान. शेजारी-शेजारी दोन आसनं, पंखांचा पसारा २८ फूट, दोन्ही टाक्या मिळून ३६ गॅलन इंधन. लांब पल्ल्याला निवांत जाण्यासाठीच त्याचा पंख लांब आणि अरुंद ठेवला आहे. किट टप्प्याटप्प्याने घेता येतं: शेपूट, पंख, धड, मग फिनिशिंग. आधी शेपूट घ्यावी, हे माझं ठाम मत. पुढे लागणारी बहुतेक कामं तिच्यात येतात आणि पत्रा बिघडलाच तर नुकसान आवाक्यातलं असतं.

पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड, म्हणजे मजबूत मिश्रधातूवर दोन्ही बाजूंनी शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर. गंज अडवतो तो हाच थर. म्हणून पत्र्यावर खूण मार्करने करायची, पेन्सिलने कधीच नाही. शिशातलं ग्रॅफाइट अॅल्युमिनियमला खातं. घामेजल्या बोटांचेही डाग उठतात, त्यामुळे इथे सुती हातमोजे लागतातच. पण या गाळ्याला खरा धोका आहे तो शेजाऱ्याचा. पलीकडे लोखंडावर ग्राइंडर चालतो, त्याची भुकटी उडून पत्र्यावर बसते आणि दमट हवेत ठिपक्या-ठिपक्यांनी गंज धरते. मधल्या भिंतीवर प्लास्टिकचा पडदा हवा, आणि लोखंडाला वापरलेलं ब्रश किंवा स्कॉचब्राइट अॅल्युमिनियमला लावायचं नाही.

पत्रे जोडणारे रिव्हेट, म्हणजे टोक ठोकून फुगवायच्या खिळी, दोन मापांचे: ३/३२ आणि १/८ इंच. पहिल्याला ४० नंबरचं ड्रिल, दुसऱ्याला ३०. भोकं जुळली की क्लिको, म्हणजे स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिना, लावून पत्रे धरायचे. ३/३२ला चंदेरी, १/८ला तांबूस. मग सगळं पुन्हा उघडून प्रत्येक भोकाची बर, म्हणजे ड्रिलने कडेला उठलेली धातूची कोर, काढायची. कंटाळा येतो, पण राहिलेली बर दोन पत्र्यांत फट ठेवते आणि रिव्हेट त्या फटीत फुगतो. बर काढताना जोरही नको. भोकाची कड खोल कापली गेली तर तिथूनच तडा जातो.

बाहेरच्या कातडीला सपाट डोक्याचा, १०० अंशांचा रिव्हेट. त्याचं डोकं बसायला पातळ पत्र्याला काउंटरसिंक करायचं (खोलगट कापायचं) नाही, डिंपल पाडायचा (पत्रा दाबून खळगा करायचा). नाहीतर भोकाला सुरीसारखी धार येते. ठोकल्यावर दांड्याच्या टोकाला बनणारं आतलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं हवं. म्हणजे ३/३२ला साधारण ३.६ आणि १.२ मिमी. बकिंग बार, म्हणजे आतून टेकवायचा पोलादी ठोकळा, तिरका धरला की डोकं एका बाजूला कलंडतं. असा रिव्हेट काढताना ड्रिल फक्त बाहेरच्या डोक्यापुरतंच चालवायचं, ते डोकं उडवायचं आणि दांडा पंचने हलकेच बाहेर ढकलायचा. पत्र्यातून आरपार ड्रिल मारलं की भोक अंडाकृती झालंच.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं. ते रिव्हेट गनमध्ये गेलं तर गन गंजते, रंगाच्या गनमध्ये गेलं तर प्रायमरला फोड येतात. इंधनटाकीच्या फटी बुजवणारं पॉलिसल्फाइड सीलंट आणि ते घट्ट करणारं रसायन वजनाने दहाला एक मिसळतात. उष्ण-दमट हवेत ते लवकर आवळतं, तेव्हा मे महिन्यानंतर एका वेळी ५० ग्रॅमच्या वर कालवू नये. टाकी गळते का ते तपासायला व्हेंटला, म्हणजे हवा जायच्या नळीला, फुगा बांधून हवा भरतात, पण दुपारी पत्र्याचं छप्पर तापलं की फुगा फुगतो, संध्याकाळी आक्रसतो. तेवढ्यावरून गळती आहे किंवा नाही असं ठरवू नये, शिवणींवर साबणाचं पाणी फिरवावं.

जागा निवडताना शटर मोजावं. पंख सुटे असले तरी नाकापासून शेपटीपर्यंतची लांबीच वीस फुटांहून थोडी जास्त आहे आणि गल्लीत ट्रक वळायला हवा. पंखांची शेवटची जोडणी या गाळ्यात करायचीच नाही. ती बारामती किंवा धुळ्यासारख्या धावपट्टीजवळच्या हँगरमध्ये, कारण मुख्य स्पारचे, म्हणजे पंखाच्या कण्याचे, घट्ट मापाचे बोल्ट रस्त्याने नेण्यासाठी पुन्हा ठोकून काढले, की भोकांना इजा होते.