बिल मोरान यांची आठवण

आज दिवसभर डोक्यात हाताने सुऱ्या घडवणारे कारागीर बिल मोरानच होते. सकाळी त्यांच्या एका सुरीचा फोटो समोर आला आणि हातातली कामं सोडून बघतच बसलो. मेपल लाकडाची मूठ, त्यात चांदीच्या तारेची नक्षी. ही तार वरून चिकटवलेली नसते. आधी लाकडात बारीक खाच पाडायची, मग तार उभी धरून हलक्या हाताने ठोकत आत बसवायची. केवढा संयम लागत असेल!

मोरान अमेरिकेतल्या मेरिलँडचे. बाकीचे पोलाद यंत्रावर घासून पाती काढत होते, तेव्हाही या माणसाने भट्टी, ऐरण आणि हातोडा सोडला नाही. 1973 मध्ये त्यांनी दमास्कस पोलादाच्या सुऱ्या लोकांसमोर मांडल्या. वेगवेगळ्या पोलादांच्या पट्ट्या तापवून, ठोकून एकजीव करायच्या, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. दर घडीला थर दुप्पट. शेवटी आम्लात बुडवलं की पोलादाच्या पोटातली नक्षी वर येते.

मला सगळ्यात जास्त भावतं ते हे, की त्यांनी ही विद्या स्वतःपाशी दडवून ठेवली नाही. 1976 मध्ये सहकाऱ्यांना घेऊन अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, म्हणजे पाती घडवणाऱ्या लोहारांची संघटना, उभी केली. तिथली परीक्षाही काय कडक! लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग लाकूड तोडायचं, आणि त्यानंतरही त्याच धारेने हातावरची लव निघाली पाहिजे. शेवटी पातं 90 अंशांत वाकवायचं, तुटलं तर नापास.

मोरान 2006 मध्ये गेले. त्यांची एखादी सुरी एकदा तरी हातात घेऊन बघायची फार इच्छा आहे.