वळवाच्या पावसात सुरू केलेली मोटार

2023 चा पावसाळा दगा देऊन गेला आणि त्या ऑक्टोबरअखेर शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत आमच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचाही समावेश झाला. पुढे जानेवारी 2024 मध्येच उजनी धरणाचा साठा वजा झाला, म्हणजे वापरण्याजोग्या पातळीच्याही खाली गेला. वैराग भागातील ज्या द्राक्षबागांना मी सल्ला देतो, त्यांची भिस्त मात्र विहिरी आणि बोअरवर असते, आणि त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठल्यामुळे उरला होता तो खोल बोअरचा आधार.

मे महिन्यात एका बागेतून बोलावणे आले. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यात जुन्या काड्या छाटल्यावर, फुटलेल्या नव्या काड्यांची पाने करपत होती. बागेचे मालक, ज्यांना सारे तात्या म्हणतात, मला पाहताच म्हणाले, "साहेब, उन्हानं बाग होरपळली. रोज अर्धा तास ठिबक चालवतोय, तरी भागत नाही." तापमान 43 अंशांच्या आसपास होते, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष चुकीचा वाटण्याजोगा नव्हता.

तरीही मला एक गोष्ट खटकली. उन्हाचा चटका वरच्या, उघड्या पानांना आधी बसतो. इथे आतली, सावलीतली जुनी पाने कडेकडेने तपकिरी झाली होती आणि शेंड्याची कोवळी पाने तुलनेने हिरवी होती. मी ओळीत खाली बसून ड्रीपरभोवतीची, म्हणजे ठिबकचे पाणी जिथून गळते त्या तोटीभोवतीची, माती बोटाने खरवडली. ओल्या वर्तुळाच्या कडेला मिठासारखी पांढरी कड धरली होती. बोअरच्या पाण्यात ईसी मीटर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारे यंत्र, बुडवला, तर आकडा 2.6 आला; द्राक्षाला 1 च्या आतले पाणी चांगले. उन्हाने बाग थकली होती हे खरे, पण पाने जाळत होते ते क्षार.

रोजचे अर्ध्या तासाचे पाणी हेच क्षार वाढवत होते, कारण एवढे पाणी वरच्या काही इंचांतच जिरते, त्यातले बरेचसे उन्हाने उडून जाते आणि क्षार मुळांपाशी शिल्लक राहतो. डॉगरीज या जातीच्या मुळांवर (खुंटावर) कलम केलेली बाग दुष्काळ आणि क्षार दोन्ही बऱ्यापैकी सोसते, पण तिच्याही सोसण्याला मर्यादा आहे. क्षार खाली धुऊन काढायचे तर पाणी जास्त लागते, आणि तेच तर नव्हते. म्हणून आम्ही आहे त्या पाण्याची मांडणी बदलली. विकतच्या टँकरचे गोडे पाणी शेततळ्यात बोअरच्या पाण्यात मिसळायचे, रोज थोडे देण्याऐवजी तीन-चार दिवसांनी रात्रीच्या विजेवर एकदाच भरपूर द्यायचे, ओळीत उसाच्या पाचटाचा जाड थर घालायचा, क्लोराइड असलेले म्युरेट ऑफ पोटॅश हे खत बंद करून सल्फेट ऑफ पोटॅश वापरायचे आणि कमकुवत काड्या काढून पानांचा भार हलका करायचा. काड्या काढणे तात्यांना जड गेले. याच दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, पुढच्या हंगामाचे घड तयार होतात, त्यामुळे एकेक काडी काढताना माल डोळ्यांसमोर येणारच.

हे बोलणे चालू असतानाच पश्चिमेकडून ढग भरून आले आणि वळवाच्या सरी कोसळू लागल्या. घरातली मुले अंगणात भिजायला धावली, तात्यांनी आभाळाकडे पाहून हात जोडले, आणि मी म्हणालो, "तात्या, मोटार सुरू करा." त्यांना वाटले मी चेष्टा करतो आहे, टँकरचे पाणी पावसात कोण सोडणार? पण वळवाची हलकी सर वाया तर जातेच, वर नुकसानही करते: ड्रीपरच्या कडेला साचलेला क्षार ती विरघळवते आणि परत मुळांकडे ढकलते. त्याच वेळी ठिबक चालू असेल, तर मुळांपासून बाहेरच्या दिशेने ओल सरकत राहते आणि क्षार आत येऊ शकत नाही. माझ्या मते आपल्या बागांत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहिलेली हीच गोष्ट आहे. पाऊस थांबेपर्यंत मोटार चालली.

जूनमध्ये मोसमी पाऊस चांगला लागला आणि मुरमाड जमिनीतून क्षार बराच खाली उतरला. काड्या कमी ठेवल्यामुळे त्या हंगामात घड मोजकेच आले, पण वेली जगल्या. आता तात्या खरड छाटणीआधी मातीबरोबर बोअरच्या पाण्याचीही तपासणी करून घेतात आणि अहवाल हातात आल्यावरच खतांचे वेळापत्रक ठरवायला मला बोलावतात.