तुम्ही विचारलंत म्हणून: नाणी ऑनलाइन लिलावात का घालत नाही?

"एवढा माल पडून आहे तुमच्याकडे, ऑनलाइन लिलावात का घालत नाही?" हा प्रश्न मला इथल्या गुजरी बाजारातले सराफ, दुकानात येणारे गिऱ्हाईक आणि घरचे पाव्हणे सारख्याच आपुलकीने विचारतात. कोल्हापुरातल्या एका लहानशा दुकानात बसणारा माणूस जगाच्या मागे पडला असावा, असा त्यामागचा समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की लिलावाच्या संकेतस्थळांवर मी बरीच वर्षे नाणी विकत आलो आहे आणि आजही थोडी विकतो. माझी तक्रार त्यांच्या कमिशनबद्दल फारशी नाही. तिथे नाण्याविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहिणारा विक्रेता तोट्यात जातो आणि वाटेल ते ठोकून देणारा फायद्यात राहतो, हे माझे खरे दुखणे आहे.

शिवराईचेच पाहा. 1674 च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेल्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति' असा मजकूर असतो. महाराजांनंतर त्यांच्या वारसांच्या काळात आणि पुढे पेशवाईतही शिवराई पाडली जातच राहिली; एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. म्हणजे नाण्यावर महाराजांचे नाव आहे एवढ्यावरून ते त्यांच्या हयातीतले ठरत नाही. बहुतेक शिवराई नाण्यांवर साल नसते, त्यामुळे अक्षरांचे वळण, वजन, कडेच्या बिंदूंची रचना आणि चकतीची जाडी पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि अभ्यासकांतही त्यावर एकमत होतेच असे नाही. मी वर्णनात लिहितो, "मराठा, शिवराई, उत्तरकालीन असण्याची शक्यता". त्याच आठवड्यात दुसरा कोणी तसलेच, किंबहुना जास्त झिजलेले नाणे "शिवाजी महाराजांच्या काळातील अस्सल, 1674" असे लिहून टाकतो आणि माझ्या कितीतरी पट बोली घेऊन जातो. बोली लावणाऱ्याला दोष देता येत नाही. महाराजांच्या नावावर ज्याची श्रद्धा आहे तो 'शक्यता' हा शब्द कशाला विकत घेईल? पण संकेतस्थळ या दोन वर्णनांत काहीच फरक करत नाही, आणि कालांतराने 'शक्यता' लिहिणारे एकेक करून तिथून उठून जातात.

दुसरी अडचण छायाचित्राची. हाताने पाडलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अख्खा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. 'श्री' अर्धा, 'राजा' पुरता आणि 'शिव' कडेला गेलेला, असे नाणे आमच्या दृष्टीने चांगले असते. यंत्राने पाडलेली नाणी पाहून मोठ्या झालेल्या खरेदीदाराला मात्र ते कापलेले वाटते आणि "वर्णनाप्रमाणे माल नाही" या सदराखाली तो ते परत पाठवतो. तांब्याचा रंग तर प्रत्येक फोनच्या पडद्यावर निराळा दिसतो. जुन्या तांब्यावर काळाने चढलेली गडद तकाकी ही जाणकाराच्या लेखी किमतीची गोष्ट असते, पण छायाचित्रात ती नुसती मळकट दिसते. म्हणून काही विक्रेते नाणी चिंचेने किंवा आम्लाने घासून लखलखीत करतात, आणि त्या घासलेल्या, कायमच्या बिघडलेल्या नाण्यांवर बोली वर चढताना पाहणे हा या धंद्यातला सर्वांत मनस्ताप देणारा भाग आहे. आमच्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननामुळे आणि परिसरातल्या सापडींमुळे अभ्यासकांना माहीत झालेली विळिवायकुर वगैरे कुर राजांची, म्हणजे या भागातल्या प्राचीन राजांची, धनुष्यबाण असलेली शिशाची नाणी घ्या. पडद्यावर ती करड्या खड्यासारखी दिसतात आणि हातात घेतल्यावरच बोलू लागतात.

दुकानात गिऱ्हाईक रुपया हातात घेते, दगडावर वाजवते, मी तो काट्यावर ठेवतो. 1835 पासूनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे राणीछाप रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात 91.7 टक्के चांदी, हे ठरलेले आहे. झिजेमुळे थोडा फरक पडतो, पण ओतीव नकली रुपया वजनात, आवाजात किंवा कडेच्या सांध्यावर बहुधा पकडला जातो. लिलावात यातले काहीच होत नाही. उलट परतीच्या व्यवस्थेमुळे नाणे बदलण्याची सोय होते: मी पाठवलेला जवळजवळ न झिजलेला रुपया जाऊन त्याच सालाचा गुळगुळीत रुपया पाकिटातून परत येतो, आणि खरेदीदाराने त्याच गुळगुळीत रुपयाचे छायाचित्र पुरावा म्हणून आधीच जोडलेले असते. तक्रार पाहणाऱ्याला एका व्हिक्टोरियाचा चेहरा दुसऱ्या व्हिक्टोरियाहून वेगळा ओळखता येत नाही. पैसे परत जातात. माझ्याकडे वितळवण्याच्या भावाचा रुपया राहतो.

बोलीतही गोम असते. भाव वर चढवून शेवटी पैसेच न भरणारे लोक असतात, आणि मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नाणे देऊ केले तर हा भाव विक्रेत्यानेच कोणाकरवी चढवला असावा असा संशय त्याला येतो. त्याचा संशय अगदीच गैर नसतो, कारण काही जण खरोखरच तसे करतात.

नकली मालाबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1818 साल घालून राम-सीता-लक्ष्मण-हनुमान कोरलेले 'अर्धा आणे' वर्षानुवर्षे लिलावात फिरत आहेत. कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नाही. ती अलीकडे घडवलेली बिल्ल्यासारखी वस्तू आहे. ती नकली असल्याची तक्रार करावी, तर यादीतून एक जाते आणि दोन येतात.

यातूनच माझ्या दुकानातला रोजचा तापही जन्मतो. 2012 साली निघालेले वैष्णोदेवीचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे, नाहीतर ट्रॅक्टरची पाचाची नोट घेऊन लोक येतात आणि फोनवर लाखांचा आकडा दाखवतात. तो कोणीतरी मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. मागायला कोणाला पैसे पडतात? लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव शोधणे अवघड आणि न विकलेल्यांचे भाव मात्र सगळ्यांत वर, अशी मांडणी असेल तर भोळा माणूस फसणारच. या भुलीवर चोरही पोसले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये पत्रक काढून सांगितले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. ते पत्रक छापून मी काउंटरवर लावले आहे. ते वाचूनही काही जण माझ्यावर रुसून जातात.

कराचा भाग थोडक्यात सांगतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला जीएसटीची पूर्ण नोंदणी न करता, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळांमार्फत राज्यातल्या राज्यात माल विकता येतो. परराज्यात विकायचा तर नोंदणी हवीच. दीडशे रुपयांचे नाणे कोलकात्याला पाठवायचे, तर कागदपत्रे, कमिशन आणि टपाल वजा जाता हातात काय उरेल याचा हिशेब तुम्हीच करा. बहुतेक कुरियर कंपन्या नाण्यांची जबाबदारी घेत नाहीत, म्हणून टपालाचा विमाही आपल्याच माथी.

कायद्याबद्दल मात्र दोन वाक्ये जास्त लिहावीशी वाटतात. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते, त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मी परवाना घेतला आहे. तो क्रमांक मला आजवर एकाही लिलावाच्या संकेतस्थळाने विचारलेला नाही. परदेशातून "भेटवस्तू म्हणून पाठवा" अशी विनंती करणारे मात्र नेमाने भेटतात. शेतात नांगराला लागलेले हंडे तर 1878 च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागतात, पण लिलावात "शेतात सापडलेला लॉट" असे बिनदिक्कत लिहिलेले मी वाचले आहे, आणि त्यावर बोल्याही लागलेल्या पाहिल्या आहेत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की मी 1950 नंतरची प्रजासत्ताकाची नाणी, 1957 ते 1964 मधले नये पैसे, असा स्वस्त माल ऑनलाइन घालतो. त्यांचे साल आणि टाकसाळीची खूण छायाचित्रात स्पष्ट दिसते. मुंबईचा हिरा आहे की हैदराबादचा तारा, यावर वाद होत नाही आणि बदलून घेण्याएवढी त्यांची किंमतही नसते. शिवराई, कुरांची शिशाची नाणी आणि चांगल्या अवस्थेतले रुपये मी दुकानातच ठेवतो. ज्याला हवे असतील त्याने यावे, भिंग मी देतो, आणि काटा काउंटरवरच आहे.