मागास पेरा

बियांच्या पाकिटामागे छापलेल्या मजकुरावर माझा फारसा विश्वास नाही, पण तो वाचल्याशिवाय राहवतही नाही. टोमॅटोच्या पाकिटावर ‘६५ दिवस’ किंवा ‘८० दिवस’ असं काहीतरी ठसठशीत लिहिलेलं असतं. हंगामाचे तीन महिने उरलेले असताना हातात पाकीट घेतलेल्या माणसाला ‘६५’ हा आकडा भलताच दिलासा देतो. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, म्हणजे पंचवीस दिवस हातात शिल्लक! पण टोमॅटोच्या बाबतीत हे दिवस बहुधा बी मातीत पडल्यापासून मोजलेले नसतात. रोप वाफ्यात किंवा मोठ्या कुंडीत लावल्यावर मोजणी सुरू होते. त्याआधी ट्रेमध्ये जाणारे सहा ते आठ आठवडे पाकीट हिशेबातच धरत नाही. ते धरले की शिल्लक राहिलेले पंचवीस दिवस जातात आणि वर उधारी होते.

एवढं ठाऊक असूनही मी मागास पेरा, म्हणजे उशिराची पेरणी, करतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. लोक म्हणतात, वरातीमागून घोडं. म्हणोत. वरातीची तारीख आपण ठरवलेली असते; टोमॅटोला तिचं आमंत्रणही नसतं. काही झाडं दिवस किती लहान-मोठा झाला ते पाहून फुलायचं की नाही ते ठरवतात. टोमॅटो त्यांतला नाही. त्याला लागते ऊब. मिळाली की वाढतो, कमी पडली की रेंगाळतो. महिना कुठला चाललाय याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

उलट, सुरुवात तर मागासाचीच सोपी. माती २५ अंशांच्या आसपास असेल तर बी साधारण आठवडाभरात वर येतं. तीच माती १० अंशांवर असली तर महिना उलटून जातो आणि पेरणारा रोज जाऊन माती उकरायला लागतो. हंगामाआधी घाईने पेरणारी मंडळी ट्रेखाली गरम गाद्या काय ठेवतात, फ्रिजच्या डोक्यावर ट्रे काय चढवतात. उशिरा पेरणाऱ्याला बहुतेकदा तापलेली माती आयतीच मिळते. थंडीत खिडकीशी वाढवलेली आगाप, म्हणजे लवकर पेरलेली, रोपं उजेडाअभावी लांबुळकी होऊन मान टाकतात, तर उघड्यावर उबेत उगवलेली मागास रोपं बुटकी आणि दणकट निघतात. लांबुळकं रोप आलंच तरी बिघडत नाही: खालची पानं काढून ते खोडासकट खोल लावायचं. मातीत गेलेल्या खोडाला मुळं फुटतात. ही सोय टोमॅटोसारखी फार थोड्या भाज्यांनी ठेवली आहे.

घाई करायची तर ती मात्र चुकीच्या ठिकाणी केली जाते. उशीर झाला म्हणून पाणी जास्त घालायचं, खत दुप्पट द्यायचं. ओल साचली की कोवळी रोपं मातीलगत कुजून एका रात्रीत आडवी होतात. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, ढाण्या, पाहुण्यांना दाखवण्याजोगं होतं आणि फुलं यायची तेव्हा अजून पानंच काढत बसतं. मागास झाडाला पोसून पुढे ढकलता येत नाही. थोडाबहुत वेळ वाचतो तो वाण निवडताना. भाकरीएवढ्या फळाची हौस असेल तर ती पुढच्या हंगामापर्यंत राखून ठेवावी. चेरी टोमॅटो लवकर धरतात, लवकर पिकतात. ठरावीक उंची गाठून थांबणारे बुटके वाणही चालतात, कारण त्यांची फळं साधारण एकदमच येतात.

आणि हेही जमण्यापलीकडे उशीर झाला असेल, तर एक पळवाट आहे. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट खुडून पाण्यात ठेवली की काही दिवसांत तिला मुळं फुटतात. असं रोप बी पेरण्यापासूनचे बरेचसे आठवडे ओलांडून आलेलं असतं. म्हणून मागास पेरा करणाऱ्याने आगाप पेरा करणाऱ्याशी सलोखा ठेवावा. एरवी ते लोक बगलफूट काढून फेकूनच देतात.

खरा हिशेब मागितला जातो तो फुलांपाशी. टोमॅटोचं फूल स्वतःचंच परागण करतं, फक्त ते हलावं लागतं. वारा हलवतो, गलेलठ्ठ भुंगे येऊन गुणगुणतात आणि त्या थरथरीने पराग झडतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. बंदिस्त जागेत झाड असेल तर काही जण विजेवरचा टूथब्रश फुलाच्या देठाला लावतात. मी टिचकीवर भागवतो. पण रात्र १३ अंशांच्या खाली गेली की टिचकी असो वा टूथब्रश, फूल बहुधा गळतं. रात्रीची उष्णता २४ अंशांच्या वर राहिली तरी तेच. म्हणजे हंगाम थंडीने संपणारा असो की उन्हाने, दार दोन्हीकडून सारखंच बंद होतं. आणि धरलेल्या फुलाचं लाल फळ व्हायला पुढे सहा ते आठ आठवडे लागतात, गारठ्यात त्याहूनही जास्त. शेवटच्या महिन्यात उमललेली पिवळी फुलं दिसायला छान असतात, एवढंच.

झाडाला हे कळत नाही. टोमॅटोचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात. जिथे कडाका पडत नाही तिथे हे झाड वर्षानुवर्षं जगू शकतं. हंगाम नावाची गोष्ट संपते, ही बातमीच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. उंच वाढणारा वाण तर शेवटच्या आठवड्यातही नवा शेंडा काढून वर नवा घोस सोडतो. अशा वेळी शेवटाच्या महिना-दीड महिना आधी शेंडा खुडावा लागतो, नवी बगलफूट काढावी लागते, पुढे न पिकणारी फुलंही तोडावी लागतात. जोमात वाढणाऱ्या झाडावर कात्री चालवायला मन धजत नाही हे मला मान्य आहे. मीही कात्री उचलण्याआधी उगाच काठीची सुतळी सैल कर, पिवळं पान काढ, असली किरकोळ कामं उरकत बसतो. पण शेंडा गेला की झाड तळाच्या फळांकडे लक्ष देतं, आणि मागास पेऱ्यात हाती लागतात ती तीच फळं.

त्यातली बरीच अखेरीस हिरवीच राहतात. त्यांना पिकायला ऊन लागतं, हा समज काही केल्या जात नाही. म्हणून लोक ती खिडकीत मांडून ठेवतात. फळाला हवी असते ऊब आणि त्याचा स्वतःचाच, फळ पिकवणारा एथिलीन वायू. वीसेक अंशांच्या खोलीत, कागदी पिशवीत, सोबत एखादं पिकलं केळं ठेवलं की अंधारातही रंग चढतो. ३० अंशांच्या पुढे मात्र लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं. फ्रिजमध्ये तर ठेवूच नये. १० अंशांच्या खाली हिरवं फळ पिकण्याऐवजी बिघडतं.

कुठलं पिकेल आणि कुठलं नाही, हे बाहेरून नेहमी ओळखू येत नाही. एखादं फळ कापून पाहावं. सुरीखाली बियाही चिरल्या गेल्या तर त्या आकाराची फळं अजून कच्ची आहेत, त्यांची वाट पाहू नये. बिया गराच्या बुळबुळीतून सटकल्या आणि साबूत राहिल्या, तर बाकीची त्याच आकाराची फळं पिशवीत घालायला हरकत नाही. पूर्ण हिरवं तोडून पिकवलेलं फळ थोडं फिकं लागतं, हे कबूल. पण बुडाशी गुलाबी छटा येताच तोडलेलं आणि झाडावरच लाल झालेलं, या दोहोंत डावं-उजवं करणारे जाणकार भेटतात तेव्हा मला गंमत वाटते. डोळे मिटून दोन्हींच्या फोडी खाऊन पाहा म्हटलं की त्यातले बरेच जण विषय बदलतात.