तुम्ही विचारलंत म्हणून : वर्गात गूगल अर्थ कशाला?

पालकसभेत, स्टाफरूममध्ये, रिक्षाच्या रांगेतसुद्धा हाच प्रश्न येतो : "बाई, मुलांना मोबाइलपासून लांब ठेवायचं सोडून तुम्हीच त्यांना स्क्रीनसमोर का बसवता? फुकटच्या साइट बघून कुणी विचार करायला शिकतं का?" पोर्शन माझाही वेळेत पूर्ण होतो, हे आधी सांगते, कारण बहुतेकांना खरं तर तेच विचारायचं असतं.

मुलं स्क्रीनसमोर आहेतच. खाडीतल्या फ्लेमिंगोंचा म्हणून फिरणारा फोटो गूगल लेन्सवर टाकला की तो आधी कुठे कुठे येऊन गेलाय ते कळतं. विकिपीडियावर 'इतिहास' उघडला की कुठलं वाक्य कधी बदललं ते दिसतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की देखण्या वेबसाइटला इतिहासाचे पीएचडीवालेसुद्धा फसतात. बातम्यांची पडताळणी करणारे फसत नाहीत, कारण ते त्या पानावर रेंगाळतच नाहीत. दुसरा टॅब उघडून बाकीचे काय म्हणतात ते बघतात. ही सवय आठवीत लागली नाही तर कधी लागणार?

पण तुम्ही विचारता ते त्या विमानतळाच्या तासामुळे, मला माहीत आहे. मग तोच सांगते.

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली. नंतर 'आमचा बदलता परिसर' या निबंधात एका मुलाने लिहिलं, 'इथे पूर्वी ओसाड खाजण जमीन होती.' मी विचारलं, "ओसाड कशावरून?" प्रोजेक्टरवर गूगल अर्थ लावलं, त्यात जमिनीची वरून टिपलेली जुनी चित्रंही तारखेनुसार बघता येतात, आणि तारीख मागे नेत गेले. धावपट्टी गेली, उलव्याची कापलेली टेकडी परत उभी राहिली, वळवलेली नदी जुन्या पात्रात आली. मग छपरं दिसू लागली. विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक.

एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून पडद्यापाशी गेली. "हे देऊळ. त्याच्या मागचं आमचं घर."

तो मुलगा म्हणाला, "तुमचंच कशावरून? वरून सगळी छपरं सारखीच दिसतात."

"पत्र्यावर निळं प्लास्टिक आहे. पावसात गळायचं."

चित्र मोठं केलं. निळा ठिपका होता. मुलाने कोपऱ्यातली तारीख वाचली. "हे मार्चमधलं आहे. मार्चमध्ये पावसाचं प्लास्टिक कसं?"

"आम्ही ते काढायचोच नाही," एवढं म्हणून ती रडायला लागली.

मुलगा उद्धट नव्हता. तारीख बघा, सांगणाऱ्यालाही विचारा, हे मीच शिकवलेलं. मधल्या सुट्टीत निबंधातला 'ओसाड' त्याने आपणहून खोडला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, घर आमचं होतं याचे कागद दाखवून दाखवून आम्ही थकलो. आता शाळेतही पुरावा मागणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याआधी मी ठणकावून सांगायचे, की प्रश्न कुणालाही विचारावा, पुरावा कुणाकडेही मागावा. आता ते वाक्य तोंडात अडखळतं. ज्यांच्याकडे आयुष्यभर पुरावेच मागितले गेले, त्यांच्या पोरीने वर्गातही तेच सोसायचं? पण तारीख मागे नेली नसती, तर 'ओसाड' हाच शब्द वहीत राहिला असता आणि तिने तो मुकाट ऐकून घेतला असता. तेही मला चालत नाही.

म्हणून स्क्रीन बंद करा असं म्हणू नका. हा तास मी यंदाही घेणार आहे. चित्र लावण्याआधी "इथे कुणाचं घर होतं का?" असं विचारायचं की नाही, ते मात्र ठरत नाहीये. विचारलं तर ते मूल सगळ्यांच्या नजरेत येतं. नाही विचारलं, तर त्याचं घर पडद्यावर अचानक समोर येतं.