निकालावर हरकत घ्यायची तर घड्याळ बघून घ्या

पोहण्याच्या स्पर्धेत निकालावर हरकत घेता येते, हे बऱ्याच पालकांना ऐकून माहीत असतं. ती कशी घेऊ दिली जात नाही, हे मात्र अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी उभं राहिल्यावरच कळतं. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा लिहिताना थोडं तिखट झालं तर चालवून घ्या.

जिल्ह्याची स्पर्धा, १४ वर्षांखालील मुली, ५० मीटर फ्रीस्टाईल. पहिल्या दोघी सरळ सरळ पुढे होत्या. तिसऱ्या नंबरासाठी पाचव्या लेनमधली माझी लेक आणि तिसऱ्या लेनमधली एक मुलगी अगदी एकदमच भिंतीला आल्या. पुढच्या स्पर्धेला तिघीच जाणार होत्या. आमच्या टँकवर टचपॅड, म्हणजे हात टेकताच आपोआप वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पाट्या, नाहीत. प्रत्येक लेनच्या टोकाशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले तीन टाइमकीपर स्टॉपवॉच घेऊन वाकून उभे असतात, आणि क्रम बघायला बाजूला फिनिश जज. फ्रीस्टाईलला हात बहुतेक वेळा पाण्याखालीच टेकतो आणि वर नुसता फेस असतो. मी गॅलरीतून मोबाईलवर सगळं टिपलं होतं, पण कोण आधी टेकलं ते त्यात मलाही दिसत नाही.

नियम असा की हरकत लेखी द्यायची, टीम मॅनेजरने द्यायची, सोबत डिपॉझिट भरायचं, आणि रेस संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत. आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच आहे आणि आपल्याकडेही तेच चालवतात. रेस संपल्यापासून, बरं का. रिझल्ट लागल्यापासून नाही! सगळी मेख इथेच आहे.

रेस झाल्यावर मी लगेच टेबलाशी गेले, तर "ताई, रिझल्ट तर लागू द्या, मग बघू." ठीक आहे म्हटलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. कागद भिंतीला चिकटला तेव्हा अर्ध्या तासातला बराचसा वेळ संपलेला. लेक चौथी, वेळ ३४.३६. तिसरी ३४.२७. पुन्हा टेबल. आता म्हणाले, "पालकांकडून हरकत घेत नाही. टीम मॅनेजरला पाठवा." हे आधीच्या खेपेला सांगितलं असतं तर यांचं काय जात होतं, देव जाणे.

टीम मॅनेजर म्हणजे शाळेचे पी.टी.चे सर. ते पुढच्या रेसच्या मुलांना रांगेत बसवत होते. त्यांना गाठलं, तर त्यांचा चेहरा पडला. "जाऊ द्या ना ताई. पुढच्या वर्षी पोरीला याच लोकांपुढे पोहायचंय." हे वाक्य मला त्या दिवसात सगळ्यात जास्त लागलं, कारण ते वाईट मनाने बोललेलं नव्हतं. सर बिचारे खरंच तिच्या काळजीने म्हणत होते. मी म्हटलं, "सर, भांडायचं नाहीये, फक्त वेळ कशी काढली ते विचारायचंय." मग ते उठले.

टेबलावर छापील फॉर्म संपलेले. एका मुलीच्या वहीतलं पान फाडलं. डिपॉझिट रोखच हवं, आणि माझ्याकडे सुटे नव्हते, फोनवरून पैसे घ्यायला ते तयार नाहीत. बाहेरच्या वडापाववाल्याने नोट मोडून दिली, त्याचे उपकार. कागद आणि पैसे घेऊन सर टेबलाशी पोचले, तर टेबलामागच्या गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "वेळ संपली."

इथे तो मोबाईलचा व्हिडिओ कामाला आला. कोण आधी टेकलं ते त्यात दिसत नव्हतं, पण तो किती वाजता काढला हे फोनमध्ये दिसत होतं. मी तोच स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. दोन मिनिटं शिल्लक होती. त्यांनी कागद घेतला, पण असा घेतला, जणू मी त्यांची खाजगी डायरी मागितली होती.

एक फार मोलाची गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. अर्जात "आमची मुलगी आधी टेकली" असं लिहू नका. प्रत्यक्ष काय घडलं याबद्दलच्या निर्णयावर हरकत चालत नाही, असं नियमच सांगतो, आणि रेफ्री त्या एका वाक्यावर अर्ज बाजूला ठेवू शकतो. गॅलरीत माझ्या शेजारी एक निवृत्त टाइमकीपर काका बसले होते. त्यांनी सरांना मजकूर सांगितला: पाचव्या लेनची अधिकृत वेळ नियमाप्रमाणे काढलेली आहे का ते तपासावं, तिन्ही घड्याळांची नोंद दाखवावी. बस्स, एवढंच. भावना, अन्याय, मुलीची मेहनत, काही नाही.

रेफ्रींनी टाइमकीपरांनी वेळा लिहिलेली लेनवार कार्डं मागवली. पाचव्या लेनच्या कार्डावर ३४.०८ आणि ३४.३६, तिसरा रकाना कोरा. ते घड्याळ सुरूच झालं नव्हतं. मग निकालात ३४.३६ का? तर टेबलावरून उत्तर आलं, "आम्ही जास्तीचीच वेळ धरतो." कोणी ठरवलं हे? तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली, आणि दोनच चालली तर त्यांची सरासरी, असा साधा नियम आहे. सरासरी ३४.२२. रेफ्री मात्र सरळ माणूस निघाले. फिनिश जजने दुसऱ्या मुलीला तिसरं दिलं होतं, म्हणून त्यांनाही बोलावलं, ऐकून घेतलं. जज आणि घड्याळ जुळत नसतील तर शेवटचा शब्द रेफ्रीचा असतो. त्यांनी निकाल बदलला.

घरी आल्यावर रात्री झोप लागेना, तेव्हा मी जुनी प्रकरणं वाचत बसले. १९६० चं रोम ऑलिंपिक, पुरुषांची १०० मीटर फ्रीस्टाईल. अमेरिकेच्या लान्स लार्सनला तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१ दिले, ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटला तिन्हींनी ५५.२. जजांमध्ये मात्र फूट पडली, आणि मुख्य जजने सुवर्ण डेव्हिटला दिलं. वर लार्सनची वेळही ५५.२ करून टाकली! अमेरिकेची हरकत फेटाळली गेली. आमच्या टेबलावरचे गृहस्थ त्या मानाने बरेच म्हणायचे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला टचपॅड आले, तरी वाद थांबले नाहीत. २००८ ला बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायला अमेरिकेचा मायकेल फेल्प्स ५०.५८ आणि सर्बियाचा मिलोराद चाविच ५०.५९. डोळ्यांना चाविच पुढे वाटतो, पण तो हात लांब करून सरकत आला आणि फेल्प्सने अर्धा स्ट्रोक जास्त मारून पॅड दाबलं. सर्बियाने हरकत घेतली, त्यांना वेगवान कॅमेऱ्याची चित्रं दाखवली गेली आणि हरकत फेटाळली. हा किस्सा मी लेकीच्या कोचना सांगितला तर ते हसले, म्हणाले, "मी रोज हेच ओरडत असतो, भिंतीला सरकत येऊ नका, मारा."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. खरं कोण आधी टेकलं, हे मला आजही ठाऊक नाही. एकाच लेनवरच्या, एकाच हाताच्या टेकण्याच्या दोन घड्याळांत ०.२८ सेकंदाचा फरक होता. त्या मुलींच्या वेगाने हिशेब केला तर ते साधारण चाळीस सेंटीमीटर होतात. आणि निकाल कशावर फिरला? ०.०५ वर, म्हणजे सात सेंटीमीटर. १९७२ च्या म्युनिकला ४०० मीटर मेडलेचं सुवर्ण सेकंदाच्या दोन हजारांशांवर ठरलं होतं, गुन्नार लार्सन ४:३१.९८१ आणि टिम मॅकी ४:३१.९८३. नंतर शतांशापर्यंतच मोजायचं ठरलं, कारण तलावाच्या लेनच तेवढ्या काटेकोर बांधता येत नाहीत. म्हणूनच २००० च्या सिडनीला ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये गॅरी हॉल आणि अँथनी अर्विन दोघांनाही २१.९८ वर सुवर्ण मिळालं. तिकडे मिलिमीटरचा विचार होतो आणि आपल्याकडे बंद पडलेल्या घड्याळाबद्दल कोणी विचारतसुद्धा नाही. निदान ज्या टँकवर स्पर्धा भरवता तिथली घड्याळं आदल्या दिवशी सुरू करून बघा, एवढं तरी?

त्या दुसऱ्या मुलीची आई आता टँकवर माझ्याशी बोलत नाही. मला तिचं चुकीचं वाटत नाही. तिच्या लेकीचा तर काहीच दोष नव्हता.

बाकी लक्षात ठेवायचं म्हणजे: पी.टी.च्या सरांशी स्पर्धेच्या आदल्या दिवशीच बोलून ठेवा, हरकतीचा प्रसंग आला तर येणार का ते. सुटे पैसे जवळ ठेवा. कोरा कागद आणि पेन ठेवा. रिझल्टची वाट बघत बसू नका, शंका असेल तर रेस संपताच सरांना टेबलाशी उभं करा आणि अर्ज दिल्याची वेळ कागदावर लिहून घ्या. डिपॉझिटची पावती मागा. हरकत मान्य झाली तर पैसे परत मिळतात, फेटाळली तर जातात, आणि रेफ्रीच्या निर्णयावर ज्युरीकडे अपील करता येतं, तिथे मात्र विषय संपतो. पावती नसल्यामुळे आमच्या सरांना ते पैसे परत मिळवायला नंतर बरेच हेलपाटे पडले.

आणि सुधारलेल्या निकालाचा सहीसकट फोटो तिथल्या तिथे काढा. पुढच्या स्पर्धेच्या यादीत जुनाच क्रम गेला होता. तो फोटो सरांनी पाठवला, तेव्हा कुठे नाव बदललं.