६:५२ ची पावती

"अंगावरून वारं गेलंय," एवढंच सांगत चौघांनी त्यांना जीपमधून उतरवलं. वय साठीच्या आसपास. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. घड्याळात ८:४० झाले होते.

आमचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, सीटी स्कॅन नाही. मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे सीटीशिवाय कळत नाही. आणि रक्तस्रावात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. वर्षापूर्वी केस पेपर, सलाईन, रेफर चिठ्ठी असं करत मी एका बाईंचा दीड तास घालवला होता. तेव्हापासून टेबलासमोरच्या भिंतीवर मी कागद डकवलाय: 'शेवटचं धड कधी पाहिलं?' इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास तिथून मोजायचे असतात.

सिस्टरनी १०८ ला आणि जिल्हा रुग्णालयात फोन लावले. साखर १४२, म्हणजे साखर उतरल्यामुळे झालेलं नव्हतं. बीपी मात्र २०४/११२. ते १८५/११० च्या खाली आल्याशिवाय तिकडे इंजेक्शन देणार नाहीत. लॅबेटॅलॉल होतं, पण प्रसूतिकक्षात, बाळंतिणींच्या बीपीसाठी. मावशी धावत जाऊन घेऊन आल्या.

अडलं वेळेपाशी. बायको म्हणाली, "रातच्यालाच म्हणत हुते, अंग जड वाटतंय." रात्र धरली तर सगळंच संपलं. सकाळी गोठ्यात पडलेले दिसले. कधी, तर उजाडल्यावर.

"पण मामा दूध घालून आलं की!" भाचा मागून म्हणाला आणि मामाच्या खिशातून त्यानं डेअरीची पावती काढली. म्हैस, साडेसात लिटर, वेळ ६:५२. मी त्याला डेअरीत फोन लावायला लावला. तिथला पोरगा वैतागलेलाच होता: "फॅट कमी लागली म्हणून भांडून गेलं की राव!"

इतकं सुंदर उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. कॅन उचलून आणलेला, पायानं चालत आलेला आणि फॅटवरून भांडणारा माणूस ६:५२ ला धड होता. म्हणजे ११:२२ पर्यंत मुदत.

मधला वेळ कुठे गेला ते सदऱ्यावर दिसत होतं. लकव्याच्या औषधवाल्याकडे नेऊन कबुतराचं रक्त चोळून झालं होतं. मी काही बोललो नाही. बोलण्यातही मिनिटं जातात.

पावतीचा फोटो पुढे पाठवला, मूळ पावती रेफर चिठ्ठीला टाचली. तोंडानं पाणी द्यायचं नाही, हे भाच्याला दोनदा बजावलं. ९:०५ ला गाडी निघाली, १०:२० ला पोचली. सीटीत रक्तस्राव नव्हता. १०:५० ला इंजेक्शन गेलं.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. मामा अडखळत बोलायला लागले होते, हाताची पकड अजून कच्ची होती. मग जरा घुटमळून म्हणाला, "साहेब, ती पावती परत मिळंल का? मामा सारखं इचारतंय. धा दिवसांचं बिल निघायचंय."